पहिलं उड्डाण, एकमताने मंजूर

विमान उडवायला इंजिन लागतं, पेट्रोल लागतं, वारा लागतो आणि एक बऱ्यापैकी वेडा माणूस लागतो. पण ते पहिल्यांदा कुणी उडवलं हे ठरवायला यातलं काहीच लागत नाही. त्याला फक्त गणसंख्या लागते. हे पाश्चात्त्यांच्या लक्षात आलं नाही म्हणून ते बिचारे कारखाने काढत बसले. आपल्या लक्षात आलं, म्हणून आपण मंडळं काढली. नाशिकला अशी मंडळं भरपूर आहेत आणि ती सगळी व्यवस्थित चालतात.

त्यांतलंच एक 'गोदातीर आद्य विमानविद्या गौरव मंडळ'. मंडळाची उद्दिष्टं घटनेत स्वच्छ दिलेली आहेत. जगातलं पहिलं उड्डाण नाशिकहून झालं हे सिद्ध करणे. सिद्ध न झाल्यास जाहीर करणे. आणि वार्षिक स्नेहभोजन. (तिसरं उद्दिष्ट दरवर्षी शंभर टक्के साध्य होतं. पहिल्या दोनांचं काम चालू आहे.) अध्यक्ष किशोरभाऊ भामरे हे बांधकाम व्यावसायिक. त्यामुळे जे अजून उभंच नाही ते झालंय असं लोकांना सांगण्याचा त्यांना दांडगा अनुभव होता, आणि अशा मंडळाला तसाच अध्यक्ष लागतो.

पुराव्याचं म्हणाल तर पंचवटीतून एक विमान दक्षिणेकडे गेलं हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. अडचण एवढीच, की वैमानिक लंकेचा, म्हणजे बाहेरचा, आणि उड्डाणाचा हेतू म्हणाल तर थेट पोलीस ठाण्यात नोंदवण्यासारखा. यावर मंडळात दोन वादळी बैठका झाल्या, चहा दोनदा आला, आणि सर्वमान्य तोडगा निघाला: हेतू निंदनीय, उड्डाण अभिमानास्पद. वाटेत टाकेदला एका वयोवृद्ध पक्ष्याने हे विमान अडवलं होतं. सबब आकाशातली पहिली टक्करही आपल्याच जिल्ह्यात झाली, असं इगतपुरीच्या सदस्यांनी निदर्शनास आणून दिलं, आणि तेही इतिवृत्तात घेतलं गेलं.

आता अशा मंडळात विमानाबद्दल खरोखर काही माहीत असलेला एक तरी माणूस असावा लागतो. लग्नात एक इंग्रजी बोलणारा काका असतो ना, तसा. ती जागा यज्ञेश्वर गायधनी सरांची होती.

सर शाळेतून विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे एकच व्याख्यान होतं: पिस्टन इंजिन आणि माणसाचे पंख. आयुष्यभर ते आठवीच्या वर्गाला हे व्याख्यान देत आले आणि आयुष्यभर ते कधीच पुरं झालं नाही, कारण हजेरीत दहा मिनिटं जात आणि ऐन रंगात घंटा होई. पण व्याख्यान झकास होतं हो! अमेरिकेत एका थोर शास्त्रज्ञाला सरकारने पन्नास हजार डॉलर दिले. इंजिन तर बावन्न अश्वशक्तीचं, त्या काळी तसं दुसरं नव्हतं. एका तरंगत्या घराच्या छपरावरून विमान सोडलं, ते सरळ नदीत गेलं. दुरुस्त करून पुन्हा सोडलं; पुन्हा नदीत. (या ठिकाणी आठवी 'ब' हमखास टाळ्या वाजवी.) आणि त्यानंतर नऊच दिवसांनी सायकलचं दुकान चालवणाऱ्या दोन भावांनी, दुकानातल्या मिस्त्रीने बनवलेल्या बारा अश्वशक्तीच्या इंजिनावर बारा सेकंद उडून दाखवलं. बारा सेकंद! आपल्याकडे तेवढ्यात समईची वातसुद्धा सरळ होत नाही.

मग फ्रेंच आले. त्यांनी इंजिन जागेवर ठेवून पंखा फिरवायच्या ऐवजी पंख्यासकट अख्खं इंजिनच गरगर फिरवलं, म्हणजे वाऱ्याने ते आपोआप गार राहील. त्याला वंगण कसलं? तर एरंडेल! कारण एरंडेल पेट्रोलमध्ये चटकन विरघळत नाही. हे एरंडेल इंजिनातून धुरासकट बाहेर फेकलं जाई आणि मागे बसलेल्या वैमानिकाच्या तोंडावर, नाकात आणि अर्थात पोटात जाई. पुढचं ज्यांचं बालपण आईने नाक दाबून एरंडेल पाजण्यात गेलंय त्यांना सांगायला नको. महायुद्धातले कित्येक शूर वैमानिक शत्रूला न भिता केवळ पोटाला भिऊन खाली उतरत, असं सांगतात.

मंडळाच्या बैठकीत सरांनी हे सगळं एकदा ओघात सांगितलं. किशोरभाऊ तोवर मोबाइल बघत होते. एरंडेल म्हटल्याबरोबर त्यांनी मान वर केली.

"थांबा, थांबा. एरंड आपला ना, सर? आपल्या बांधावरचा?"

"आपल्याकडेही होतो."

"म्हणजे जगातली विमानं आपल्या तेलावर उडाली! अहो, हे आजवर बोलला का नाहीत?"

"तसं पाहिलं तर..." सर म्हणाले आणि थांबले. सरांचा प्रत्येक विरोध 'तसं पाहिलं तर' या शब्दांनी सुरू होई आणि तिथेच संपे. शाळेत तीन मुख्याध्यापक त्यांच्यावर यामुळेच फार खूश होते.

झालं. सोहळा ठरला. प्रमुख पाहुणे ठरले, फिरत्या इंजिनाची प्रतिकृती ठरली, तिची विधिवत पूजा ठरली, सरांचं व्याख्यान ठरलं आणि शेवटी ठराव: 'जगातील पहिले उड्डाण नाशिक येथून झाले असे ही सभा एकमताने मान्य करीत आहे.' सरांनी एकच अट घातली, की व्याख्यान आधी आणि ठराव नंतर. ती लगेच मान्य झाली, कारण अट कशासाठी आहे हे कुणी विचारलंच नाही.

घरी येऊन त्यांनी बायकोला खरं काय ते सांगितलं. व्याख्यानाचं शेवटचं वाक्य त्यांनी तयार ठेवलं होतं: 'मित्रहो, पहिलं उड्डाण नाशिकहून झालं याला काहीही पुरावा नाही, तेव्हा या ठरावाला माझा विरोध आहे.'

सुधाबाई भाजी निवडत होत्या. त्या हसल्याच. "तुम्ही? अहो, माणसाचा पाय आपल्या पायावर आहे हे त्याला सांगायला तुम्हाला सीबीएसचा शेवटचा थांबा यावा लागतो. तोवर बसमध्ये उभे असता तसेच, तोंड पाडून."

"या वेळी बोलणार," सर म्हणाले. "जन्मभर पोरांना सांगितलं, पुरावा असल्याशिवाय मानू नका. आणि स्वतः मात्र जो जे म्हणेल त्याला मान डोलावत आलो. लाज वाटते गं. एकदा, फक्त एकदा, चारचौघांत उभं राहून खरं बोलायचंय मला."

सुधाबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली. त्यांना नवऱ्याची एकदम माया आली. "बोला मग," त्या म्हणाल्या. "मी तिसऱ्या रांगेत बसते. घाबरलात तर माझ्याकडे बघा."

प्रतिकृती दिंडोरीच्या धनराजने करून दिली. हा सरांचा जुना विद्यार्थी, आता द्राक्षबागायतदार. फवारणीच्या जुन्या ब्लोअरचा पंखा, त्याच्याभोवती मोटारसायकलचे नऊ भंगार सिलिंडर वेल्ड केलेले, आणि खाली मोटर. लांबून पाहिलं तर इंजिन वाटे. जवळून पाहायची कुणाला परवानगी नव्हती.

"सर, ह्यो पंखा औषध मारून मारून लय थकलेला हे," धनराज म्हणाला. "याच्यावर उडायचं बिडायचं तर नाय ना?"

"नाही रे. नुसता फिरेल आणि समोरच्या पांढऱ्या पडद्यावर एरंडेल उडवेल."

"मंग ठीक हे. फवारणीच की ती."

एरंडेल सरांनी स्वतः आणलं. पण बाटली प्लॅस्टिकची, त्यावर रडणाऱ्या बाळाचं चित्र. व्यासपीठावर ते कसं दिसणार? म्हणून सरांनी ते सुधाबाईंच्या माहेरच्या चांदीच्या भल्यामोठ्या पंचपात्रात ओतलं, काढायला सोपं जावं म्हणून त्यात पळी ठेवली, आणि भांडं इंजिनाजवळ पाटावर मांडून ते आपली टिपणं चाळायला कोपऱ्यात गेले. यात कुणाचं काहीही चुकलं नाही. पुढे चौकशी झाली असती तर हेच निष्पन्न झालं असतं, म्हणून ती झाली नाही.

सभागृह गच्च भरलं होतं. इंजिनावर स्वस्तिक निघालं, हळदकुंकू लागलं, नवव्या सिलिंडरला झेंडूचा हार आणि लिंबू-मिरची बांधली गेली. गुरुजींनी यथासांग पूजा सांगितली, नारळ फुटला, कुणाच्या तरी हातून तुळशीचं पान पंचपात्रात पडलं. आणि महिला आघाडीच्या प्रमुख वत्सलाबाई उठल्या. पूजा झालेली, पाटावर चांदीचं पंचपात्र, त्यात पळी, वर तुळस. महाराष्ट्रात याचा दुसरा अर्थच होत नाही. वत्सलाबाईंनी पंचपात्र उचललं आणि प्रमुख पाहुण्यांपासून सुरुवात केली.

तीर्थ घेण्याची आपली पद्धत अत्यंत शास्त्रशुद्ध आहे. उजवा हात पुढे, डावा त्याच्याखाली, डोळे अर्धे मिटलेले. पळी पडते, ओठ टेकतात, आणि ओला हात डोक्यावरून फिरतो. या सबंध क्रियेत डोकं शेवटी वापरलं जातं, तेही हात पुसायला.

पाहुण्यांनी ओठ टेकले आणि ते एक क्षण थबकले. पण सार्वजनिक जीवनात त्यांनी याहून बरंच काही गिळलेलं होतं. त्यांनी तेही गिळलं आणि हात डोक्यावरून फिरवला. (केसांना तसं ते चांगलंच.) मग त्यांनी शेजारी किशोरभाऊंकडे पाहिलं. न जाणो, इकडची पद्धत असेल, असं त्यांच्या मनात आलं असावं. किशोरभाऊंनी घेतलं. त्यांचेही डोळे मोठे झाले. त्यांनी पाहुण्यांकडे पाहिलं. पाहुणे शांत. मग किशोरभाऊही शांत झाले आणि त्यांनी पुढच्या माणसाकडे मोठ्या उत्सुकतेने पाहिलं. असं करत करत तीर्थ पुढे सरकलं. ज्याला चव कळली तो दुसऱ्याला सांगेना, आणि ज्याला सांगायला हवं तो हात पुढे करून तयार. मंडळाच्या दृष्टीने आकडेवारी समाधानकारक आहे: तीर्थ घेणारे, व्यासपीठ धरून, चाळीसच्या वर; हे काय आहे असं विचारणारे, निरंक; भक्तीने दुसऱ्यांदा हात पुढे करणारे, एक.

सरांनी टिपणांवरून मान वर केली तेव्हा वत्सलाबाई त्यांच्यापासून दोन खुर्च्यांवर होत्या. ते ताडकन उठले.

"अहो वत्सलाबाई! तसं पाहिलं तर..."

"उजवा हात पुढे करा, सर," वत्सलाबाई म्हणाल्या.

आता सरांचा विचार बघा, काय बिनतोड आहे. पाहुण्यांनी आधीच घेतलंय. आत्ता सांगावं, तर पाहुणे सर्वांसमोर बावळट ठरतात. न सांगावं, तर सगळेच बावळट ठरतात. आणि सगळेच ठरले की कुणीच ठरत नाही. शिवाय तीर्थाला नाही म्हणणारा माणूस कसा दिसतो? सगळं सभागृह त्यांच्याकडे बघत होतं. सरांनी स्वतः पैसे मोजून आणलेलं, स्वतः ओतलेलं एरंडेल उजव्या हातावर घेतलं, डोळे अर्धे मिटले आणि ते पिऊन टाकलं. नंतर हात डोक्यावरून फिरवला.

तिसऱ्या रांगेत सुधाबाईंनाही मिळालं. त्यांनी पहिल्याच थेंबाला चव ओळखली, आणि शेजारणीने हात पुढे केला तेव्हा त्या छताकडे बघत राहिल्या. "माझ्या माहेरच्या भांड्याची अब्रू होती," असं त्या नंतर म्हणाल्या.

चौथ्या रांगेला पंचपात्र संपलं. मागे बसलेल्या दिंडोरीकरांत त्यावरून कुरबुर झाली. "तीर्थसुद्धा पुढच्यांनाच?" धनराज उठून म्हणाला. "आमी काय पाप केलं?" पुढच्या वर्षी मागून सुरुवात करू, असं वत्सलाबाईंनी जाहीर आश्वासन दिलं, तेव्हा तो बसला.

प्रयोगाला तेल उरलं नव्हतं. इंजिन कोरडंच फिरलं. त्याने समई विझवली, रांगोळी उचलून पहिल्या रांगेच्या डोळ्यांत घातली, आणि लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या. मग कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे समई पुन्हा लावणे, स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, सत्कार, सत्काराला उत्तर, राहून गेलेल्यांचा सत्कार, पाहुण्यांचं मनोगत, आणि सर्वांत शेवटी 'मुख्य व्याख्यान (वेळ उरल्यास)'. पाहुणे विमानावर बोलायला उठले आणि भुयारी गटार योजनेवर तासभर बोलले. सर उभे राहिले तेव्हा पूजा होऊन तीन तास उलटून गेले होते. एरंडेलाचं एक बरं असतं, त्याला प्रास्ताविक लागत नाही.

सरांनी सुरुवात केली. आणि काय सांगू! आयुष्यात प्रथमच त्यांच्यासमोर चिडीचूप शांतता होती. कुणाचा मोबाइल वाजेना, कुणी जांभई देईना. पहिल्या रांगा पाठ ताठ करून, पाय जुळवून, श्वास रोखून त्यांच्याकडे बघत होत्या. थोर शास्त्रज्ञाचं विमान नदीत पडलं तेव्हा प्रमुख पाहुण्यांच्या तोंडून "अगं आई गं" असं निघालं. इतकी वर्षं आपण उगाच स्वतःला दोष देत होतो, सरांना वाटलं; श्रोते असावेत तर असे. ते दुप्पट उत्साहाने फ्रेंचांकडे वळले, एरंडेलाकडे आले, वैमानिकांच्या पोटाकडे आले, आणि तिथे त्यांच्याही पोटात एक मोठी कळ आली.

तेव्हा कुठे सरांना शांततेचा उलगडा झाला.

कुणी उठून का जात नव्हतं, असं तुम्ही विचाराल. अहो, पाहुणे बसलेले असताना कसं उठणार? आणि पाहुणे ठराव झाल्याशिवाय कसे उठणार? त्यातून सभागृहाला स्वच्छतागृह एकच होतं आणि ते कुलूपबंद होतं, कारण त्याचं उद्घाटन व्हायचं होतं. (उद्घाटकांची तारीख मिळत नव्हती. उद्घाटक हेच पाहुणे.) किशोरभाऊंच्या कपाळावर घाम होता. वत्सलाबाई डोळे मिटून नामस्मरण करत होत्या.

"मित्रहो," सर टेबलाला धरून म्हणाले, "आता शेवटचं एकच वाक्य."

त्यांनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. सुधाबाईंचा चेहरा पिळवटला होता, तरी त्यांनी मान हलवली. बोला.

किशोरभाऊ अर्धे उठले. "सर, वाक्य ठरावाच्या बाजूचं आहे ना? नाही, विरोधातलं असेल तर घटनेप्रमाणे चर्चा घ्यावी लागेल. प्रत्येकाला पाच मिनिटं. बोलणारे पुष्कळ आहेत."

सभागृहातल्या चाळीस-एक जोड्या डोळे सरांकडे लागले. असे केविलवाणे डोळे त्यांनी वार्षिक परीक्षेतही पाहिले नव्हते. खरं बोलायला चर्चा लागते, चर्चेला वेळ लागतो. खोट्याला नुसते हात लागतात. सरांच्या ओठांवर ते वाक्य आलं होतं, अगदी जिभेच्या टोकावर होतं. त्याच वेळी दुसरी कळ आली, आणि ती पहिलीपेक्षा बरीच गंभीर होती.

"तसं पाहिलं तर," सर म्हणाले, "बाजूचंच आहे."

आणि सर्वांत आधी त्यांचाच हात वर गेला. त्यापाठोपाठ पाहुण्यांचा, किशोरभाऊंचा, वत्सलाबाईंचा, पहिल्या चार रांगांचा. पुढचे हात वर झालेले पाहून मागच्यांनीही केले. ठराव एकमताने मंजूर झाला आणि सगळी पुढची बाजू दरवाजाकडे धावली. मागच्यांना वाटलं पानं मांडली, म्हणून तेही धावले. कुलूप पूजेच्या उरलेल्या नारळाने फुटलं आणि उद्घाटन ठरल्याप्रमाणे पाहुण्यांच्याच हस्ते झालं. फीत कापायला मात्र कुणी थांबलं नाही.

व्यासपीठावर सरांची टिपणं पसरली होती. धनराजने ती गोळा करून सरांना रिक्षात नेऊन दिली. "सर, भाषण लय भारी झालं," तो म्हणाला. "पण ते शेवटचं वाक्य काय होतं हो? ऐकू नाय आलं."

"काही नाही रे," सर म्हणाले.

घरी त्या संध्याकाळी नवरा-बायको आळीपाळीने आत-बाहेर करत होते. दोघांना एकदाचं जरा टेकायला मिळालं, तेव्हा सरांना रडू आलं. खरंखुरं, लहान पोरासारखं. "एवढंसं वाक्य होतं गं," ते म्हणाले, "आणि मी ते पोटासाठी विकलं." सुधाबाईंनी त्यांच्यापुढे दहीभात ठेवला. "जगातली निम्मी माणसं पोटासाठीच गप्प बसतात," त्या म्हणाल्या. "तुमचं निदान अक्षरशः होतं. जेवा."

दुसऱ्या दिवशी सोहळा उत्साहात पार पडल्याची बातमी आली. एरंडेलाबद्दल कुणीच कुणाला काही बोललं नाही. उलट त्या दिवसापासून अंग कसं हलकं वाटतंय, अशा चार-पाच जणांनी साक्षी दिल्या, आणि मागच्या रांगांच्या मागणीवरून ते तीर्थ आता दरवर्षी देण्याचं ठरलंय.

तुम्ही हसताय. हसा. बिचारे सर, कणा नसलेला माणूस, तुम्ही असतात तर तिथल्या तिथे उठून खरं बोलला असतात. असेल. मग तेवढं एक सांगा: तुमच्या सोसायटीच्या मागच्या सभेत चहा येता येता जो ठराव आला, त्याला तुम्ही हात वर केलात, तो कशाबद्दल होता? नाही आठवत ना? राहू द्या. फक्त एवढं लक्षात असू द्या, की तुम्हाला तर एरंडेलसुद्धा पाजलेलं नव्हतं.